सूर्याच्या गाभ्यापेक्षा गरम, तरीही गोठलेलं: न्यूट्रॉन ताऱ्याचं कवच

(आपल्या पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. बोलण्यातले "म्हणजे", "काय ना" थोडे कमी केलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आज थेट मुद्द्यावर येतो. सूर्याच्या गाभ्यात तापमान आहे साधारण दीड कोटी केल्विन. तिथं घन पदार्थ असण्याचा प्रश्नच नाही, सगळा प्लाझ्मा. आता दुसरीकडे एक साधा, तरुण न्यूट्रॉन तारा घ्या. त्याच्या कवचाच्या आत तापमान १० कोटी केल्विनच्या आसपास असू शकतं. आणि हे कवच घन आहे. नुसतं घन नाही, स्फटिक आहे, मिठाच्या खड्यासारखं आतून रांगेत लावलेलं.

हे पहिल्यांदा वाचलं की माणूस म्हणतो, काहीतरी गडबड आहे. गरम केलं की वस्तू वितळते, हे आपण स्वयंपाकघरात शिकलोय. शिवाय त्याच्याइतकाच महत्त्वाचा दुसरा प्रश्न आहे: हे कळलं कुणाला आणि कसं? तिथं कुणी जाऊन ठोकून बघितलेलं नाही. आजचा भाग या दोन प्रश्नांवर.

आधी पटकन ओळख. मोठा तारा सुपरनोव्हा होऊन फुटतो, त्याचा गाभा आत कोसळतो आणि उरतो न्यूट्रॉन तारा. वस्तुमान सूर्याच्या साधारण १.४ पट, त्रिज्या १० ते १२ किलोमीटर. पुणे शहरावर ठेवला तर शहर झाकेल, एवढाच. त्यातलं बाहेरचं सुमारे १ किलोमीटर म्हणजे कवच. त्याच्याखाली गाभा, तो आज बाजूला ठेवू.

आता "घन" म्हणजे नक्की काय? कडक, असं उत्तर येतं, पण ते पुरेसं नाही. खरवसाची वडी घ्या. मऊ असते, पण बाजूनं बोटानं हलकं ढकललं की थरथरते आणि परत जागेवर येते. वाटीतल्या दुधाला तसं ढकलून बघा, ते नुसतं वाहतं, परत येण्याची त्याला काही घाई नसते. बाजूनं ढकलल्यावर जो पदार्थ विरोध करतो आणि आपला आकार परत मिळवतो, तो घन. एवढीच व्याख्या लक्षात ठेवा.

पृथ्वीवर हा विरोध येतो कुठून? अणू एकमेकांना धरून असतात, रासायनिक बंधांनी. न्यूट्रॉन ताऱ्याच्या कवचात रसायनशास्त्र शिल्लकच नाही. दाब इतका आहे की इलेक्ट्रॉन अणूंमधून पिळून बाहेर निघालेत आणि सगळीकडे जवळपास एकसारखे पसरलेत. मागे उरली नुसती अणुकेंद्रकं. ती सगळी धन प्रभाराची, म्हणजे प्रत्येक केंद्रक शेजारच्याला दूर ढकलतंय. कुणी कुणाला धरलेलं नाही.

आणि गंमत तिथंच आहे. तारेवर बसलेले पक्षी आठवा. एकमेकांत सारखं अंतर राखून बसतात. हात धरून नाही, उलट प्रत्येकाला दुसऱ्यापासून लांब राहायचंय म्हणून. नवा पक्षी मध्ये घुसला की सगळे थोडे थोडे सरकतात. केंद्रकांचं तसंच, फक्त तिन्ही दिशांनी. सगळ्यांना सगळ्यांपासून शक्य तेवढं लांब राहायचं असेल आणि जागा मर्यादित असेल, तर सोयीची मांडणी एकच उरते: नियमित जाळी. घनाच्या आठ कोपऱ्यांवर एकेक केंद्रक आणि एक मधोमध. आपल्या ओळखीच्या लोखंडाची जाळीही अशीच असते, पण कारण अगदी उलटं.

मग तापमानाचं काय? उष्णतेनं केंद्रकं थरथरतात. प्रश्न इतकाच की ढकलाढकलीची ऊर्जा थरथरीच्या ऊर्जेच्या किती पट आहे. हा आकडा साधारण १७५ च्या वर गेला की द्रव गोठतो. पदार्थ दाबला की केंद्रकं जवळ येतात, ढकलणं वाढतं, आकडा वर जातो. म्हणून हा पदार्थ थंड न करताही नुसता दाबून गोठवता येतो. मी आकडेमोड करून बघितली, फार अवघड नाही, बारावीचा कुलोमचा नियम पुरतो. एका घन सेंटीमीटरमध्ये १००० टन लोखंड दाबलं तर त्याचा वितळणबिंदू येतो सुमारे २३ कोटी केल्विन. आणखी खाली, जिथं घन सेंटीमीटरमध्ये ४ लाख टन मावतात, तिथं २५० कोटींच्या वर. आता ते सुरुवातीचे १० कोटी परत बघा. या पदार्थाच्या हिशेबानं ते थंडीचे दिवस आहेत.

खाली जाता जाता पदार्थही बदलतो. वरच्या बाजूला लोखंड. खोल गेलं की इलेक्ट्रॉनची ऊर्जा इतकी वाढते की ते प्रोटॉनमध्ये घुसून त्यांचे न्यूट्रॉन करायला लागतात. केंद्रकं न्यूट्रॉननं फुगत जातात. बाहेरच्या कवचाच्या तळाशी क्रिप्टॉन-११८ सारखी केंद्रकं असावीत असं गणित सांगतं. ३६ प्रोटॉन, ८२ न्यूट्रॉन. पृथ्वीवर असं केंद्रक क्षणभरही टिकणार नाही, तिथं मात्र तेच स्थिर. आणि घन सेंटीमीटरला ४ लाख टनांची ती हद्द ओलांडली की केंद्रकांना आणखी न्यूट्रॉन सांभाळता येत नाहीत. ते बाहेर गळायला लागतात.

म्हणजे आतल्या कवचात चित्र असं: केंद्रकांची घन जाळी आणि तिच्या फटींमधून भरलेला मोकळ्या न्यूट्रॉनचा द्रव. हा द्रव साधा नाही, सुपरफ्लुइड आहे. मराठी पुस्तकांत त्याला अतिप्रवाही म्हणतात. त्याला घर्षणच नाही. घन आणि घर्षणहीन द्रव एकाच जागेत, एकमेकांच्या आरपार. हे वाक्य मनात ठेवा, पुढचं सगळं भांडण त्यावरच आहे.

आता दुसरा प्रश्न. हे कळलं कसं?

१९६७ मध्ये जोसेलिन बेल यांना पहिला पल्सार सापडला, म्हणजे फिरणारा न्यूट्रॉन तारा, जो प्रत्येक फेरीला रेडिओचा एक ठोका पाठवतो. त्यानंतर वर्षभरातच माल्विन रुडरमन यांनी मांडलं की यांचं कवच स्फटिक असलं पाहिजे. तेव्हा ते कागदावरचं गणित होतं.

मग १९६९ चा फेब्रुवारी संपता संपता वेला पल्सारनं एक उद्योग केला. वेला सेकंदाला ११ वेळा फिरतो, एका फेरीला सुमारे ८९ मिलिसेकंद. चुंबकीय क्षेत्रामुळे त्याला सतत ब्रेक लागलेला असतो, त्यामुळे हा काळ रोज साधारण ११ नॅनोसेकंदांनी वाढतो. घड्याळासारखं नियमित. आणि अचानक एका आठवड्याच्या आत तो सुमारे २०० नॅनोसेकंदांनी कमी झालेला दिसला. तारा वेगानं फिरायला लागला होता. जवळपास १९ दिवस लागलेला ब्रेक कुणीतरी एका झटक्यात परत केला होता. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्सच्या अँटेनावर हे टिपलं व्ही. राधाकृष्णन आणि रिचर्ड मँचेस्टर यांनी. अमेरिकेत रायकली आणि डाउन्स यांनाही तेच दिसलं. राधाकृष्णन म्हणजे सी. व्ही. रामन यांचे चिरंजीव, पुढे बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेचे संचालक झाले. आणि पार्क्सची हीच ती अँटेना, जिनं त्याच वर्षी जुलैमध्ये चंद्रावरून आलेली टीव्ही-चित्रं पकडली. काय वर्ष असेल!

या उडीला "ग्लिच" म्हणतात. आमच्या कामात ग्लिच म्हटलं की लोक सर्व्हर रीस्टार्ट करून मोकळे होतात. इथं मात्र ग्लिच हाच डेटा आहे.

पहिलं स्पष्टीकरण आलं ताराकंपाचं. फिरणारा तारा विषुववृत्तावर थोडा फुगतो. वेग मंदावला की फुगवटा कमी व्हायला हवा, पण कवच घन असल्यानं जुना आकार धरून बसतं. ताण वाढत जातो, एक दिवस कवच तडकतं, तारा थोडा गोल होतो आणि हात जवळ घेतलेल्या स्केटरसारखा वेग वाढतो. मला ही कल्पना फार आवडते, पण वेलाच्या बाबतीत ती चालत नाही, आणि का चालत नाही हे आपण घरबसल्या तपासू शकतो. वेलाच्या वेगानुसार त्याचा सगळा फुगवटाच येतो लाखात काही भाग. एका ग्लिचला लागतात दहा लाखांत दोन भाग. ग्लिच दर दोन-तीन वर्षांनी. हा खर्च धरला तर सगळा फुगवटा शे-दीडशे वर्षांच्या आत संपला असता. वेलाचं वय आहे ११ हजार वर्षांच्या घरात. हिशेब बसत नाही.

१९७५ मध्ये फिलिप अँडरसन आणि नाओकी इटो यांनी दुसरी वाट काढली. अँडरसन हे घन पदार्थांचे नावाजलेले भौतिकशास्त्रज्ञ, दोन वर्षांनी त्यांना नोबेल मिळालं, ताऱ्यांसाठी नव्हे. त्यांचं म्हणणं: साठा आकारात नाही, फटींतल्या सुपरफ्लुइडमध्ये आहे.

सुपरफ्लुइड बादलीतल्या पाण्यासारखं एकसंध फिरू शकत नाही. तो फिरतो बारीक बारीक भोवऱ्यांच्या रूपात, प्रत्येक भोवरा अगदी ठरलेल्या मापाचा. जितके भोवरे जास्त तितका वेग जास्त. वेलाच्या वेगाला दर चौरस सेंटीमीटरमध्ये सुमारे ७० हजार भोवरे लागतात. सुपरफ्लुइडला मंद व्हायचं असेल तर हे भोवरे बाहेरच्या दिशेला सरकून संपले पाहिजेत. पण ते अडकतात, केंद्रकांच्या जाळीत. झऱ्यात वाहणारी पानं कुंपणाच्या तारेला अडकावीत तशी. परिणाम असा की कवच ब्रेकमुळे मंद होत जातं आणि आतला द्रव जुन्याच वेगानं फिरत राहतो. फरक वाढतो, वाढतो, आणि मग एकदम असंख्य भोवरे सुटतात. द्रव आपला जादा वेग कवचाला देऊन टाकतो. बाहेरून आपल्याला दिसतो ग्लिच.

लक्षात घ्या, जाळी नसेल तर अडकणं नाही. या चित्रात घनपणा हा मुख्य नट आहे.

१२ डिसेंबर २०१६ ला टास्मानियातली २६ मीटरची एक अँटेना वेलाचा एकेक ठोका नोंदवत होती आणि नेमका तेव्हाच ग्लिच झाला. एक ठोका नेहमीपेक्षा रुंद आला आणि त्याच्या पुढचा आलाच नाही. वेग वाढायला किती वेळ लागला? पुढच्या विश्लेषणात निघालं, फार तर १२-१३ सेकंद. आपल्याकडेही ऊटीची रेडिओ दुर्बीण आणि नारायणगावजवळ खोडदचा जीएमआरटी यांच्यावरून तरुण पल्सारांवर अशी पाळत ठेवली जाते. ८ पल्सारांमधल्या ग्लिचेसचा अभ्यास त्यातून २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. द्राक्षाच्या मळ्यांशेजारी उभ्या असलेल्या त्या तारांच्या तबकड्या असल्या कामाला असतात.

तर झालं का सगळं ठीक? नाही. इथून पुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

वेलाचे सगळे ग्लिच एकत्र केले तर ब्रेकमुळे गेलेल्या वेगापैकी साधारण १.६ टक्के परत मिळतो. म्हणजे ताऱ्याच्या फिरण्याच्या जडत्वापैकी निदान तेवढा वाटा त्या मोकळ्या द्रवाकडे हवा. कवचात तेवढा द्रव सहज मावतो. वर्षानुवर्षं सगळे खूश होते.

मग निकोला शामेल यांनी आठवण करून दिली की न्यूट्रॉन हे तरंगही आहेत आणि नियमित जाळीतून जाणारा तरंग मोकळा नसतो. इंजिनिअरिंगला सेमिकंडक्टर शिकलेल्यांना हे ओळखीचं वाटेल: सिलिकॉनमधला इलेक्ट्रॉन जाळीवर आपटून परावर्तित होतो आणि त्याचं "परिणामी वस्तुमान" बदलतं. तोच बँड थिअरीचा धडा, फक्त घनता अब्जावधी पट. गणित सांगतं की तथाकथित मोकळ्या न्यूट्रॉनपैकी बरेचसे जाळीबरोबरच फरफटत फिरतात. घर्षण नाही, तरी सुटका नाही. मग खरा मोकळा साठा चारेक पटींनी घटतो आणि १.६ टक्क्यांऐवजी ७ टक्क्यांच्या आसपास वाटा लागतो. बहुतेक प्रारूपांत कवचाकडे तेवढं नसतंच. २०१२ मध्ये एका गटानं शोधनिबंधाच्या शीर्षकातच सांगून टाकलं की कवच पुरत नाही.

आता बाजू पडल्यात. काही म्हणतात गाभ्यातला द्रवही भाग घेतो. काही म्हणतात न्यूट्रॉनच्या जोड्या जमल्यामुळे फरफट गणितात दिसते तेवढी नसते. काही म्हणतात जाळी एवढी नीटनेटकी नसेलच. माझा कल दुसऱ्या बाजूकडे आहे, पण त्यावर पैज लावणार नाही.

"जाळी नीटनेटकी नसेल" यावर मात्र एक वेगळा पुरावा आहे. केएस १७३१-२६० नावाच्या जोडगोळीत न्यूट्रॉन ताऱ्यावर शेजाऱ्याचा वायू साडेबारा वर्षं पडत होता. त्यानं कवच तापलं, गाभ्यापेक्षा जास्त. २००१ च्या सुरुवातीला वायू पडायचा थांबला आणि चंद्रा ही क्ष-किरण दुर्बीण (हो, आपल्या चंद्रशेखरांच्या नावाची) व युरोपची एक्सएमएम-न्यूटन त्याला निवताना बघत राहिल्या. तवा गॅसवरून उतरवला की किती वेळात निवतो यावरून तो कशाचा आहे हे सांगता येतं ना, तसंच. कवच काचेसारखं विस्कळीत असतं तर उष्णता अडकत अडकत गेली असती. तारा काही वर्षांतच निवला. म्हणजे उष्णता सहज वाहते, म्हणजे आतली रांग बऱ्यापैकी सरळ आहे. ग्लिचपेक्षाही मला हा पुरावा जास्त पटतो, कारण यात गृहीतकं कमी आहेत.

खरवसाची थरथरही दिसली असावी. २७ डिसेंबर २००४ ला एसजीआर १८०६-२० या प्रचंड चुंबकीय ताऱ्यावर भडका उडाला, इतका की पृथ्वीच्या वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर हलला. त्या भडक्याच्या शेपटीत सेकंदाला १८, ९२ अशी कंपनं सापडली. कवच पिळून सुटल्यावर ज्या ठेक्यात थरथरेल त्याच टापूतली. पण चुंबकीय क्षेत्र गाभ्यालाही बांधून ठेवतं, त्यामुळे नुसतं कवच वाजतंय असं म्हणणं धाडसाचं आहे.

कवचाच्या अगदी तळाशी आणखी मजा आहे. घन सेंटीमीटरला १० कोटी टन. केंद्रकं एकमेकांना टेकायला लागतात. जवळच्या अंतरावर केंद्रकीय बल खेचतं, लांबून विद्युत बल ढकलतं, आणि या ओढाताणीत गोल आकार परवडत नाही. १९८३-८४ मध्ये दोन गटांनी दाखवलं की आधी गोळे, मग लांब दोऱ्या, मग थर, मग उलट, म्हणजे भरीव पदार्थात नळीसारखी पोकळी, शेवटी बुडबुडे. याला न्यूक्लिअर पास्ता म्हणतात, स्पॅगेटी, लझान्या वगैरे. आपण म्हणू बुंदी, शेवया, पापडांची चळत आणि शेवटी ढोकळा. इथं घनपणाही अर्धवट होतो: पापड एकमेकांवरून सरकतात, पण वाकवायला गेलात तर विरोध करतात.

हा पदार्थ किती मजबूत? प्रयोगशाळेत बनवता येत नाही, म्हणून संगणकात ताणायचा. २००९ मध्ये चार्ल्स होरोविट्झ आणि काई काडाऊ यांनी वरच्या, साध्या स्फटिकाचं हे केलं. उत्तर आलं: १० टक्के विरूपण होईपर्यंत तुटत नाही, आणि तोडायला लागणारा ताण पोलादाच्या १००० कोटी पट. पोलाद तुटतं ते आतल्या बारीक भेगांपासून. इथल्या दाबात भेग उघडूच शकत नाही. २०१८ मध्ये कॅप्लन, श्नायडर आणि होरोविट्झ यांनी पास्ता ताणला, त्याला सुमारे २० लाख प्रोसेसर-तास लागले. एकाच प्रोसेसरवर चालवायचं तर सव्वादोनशे वर्षांच्या वर, म्हणजे पेशवाईच्या अखेरीस रन बटण दाबायला हवं होतं. पास्ता आणखी मजबूत निघाला.

आणि इतकं मजबूत असूनही त्यावर डोंगर उभा राहतो किती उंच? गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या १०० अब्ज पटींहून जास्त, त्यामुळे फार तर काही सेंटीमीटर. नंतरची काही गणितं तर मिलिमीटरच्याही खाली जातात. पण तो काही मिलिमीटरचा उंचवटा ताऱ्याबरोबर सेकंदाला शेकडो वेळा फिरला तर तो सतत एकसुरी गुरुत्वीय लहर पाठवेल. लायगो ती शोधतंय. आतापर्यंत सापडलेली नाही, पण न सापडण्यानंही माहिती मिळते: काही वेगवान पल्सारांवरचे डोंगर मिलिमीटरच्याही छोट्या भागापेक्षा उंच नसावेत अशी मर्यादा त्यातून आली. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाला २०२३ मध्ये केंद्र सरकारची मंजुरी मिळाली. ती सुरू झाली की गुरुत्वीय लहरी आकाशात कुठून येताहेत हे जास्त नेमकं पकडता येईल.

पुढच्या भागात कवच सोडून खाली, गाभ्यात उतरू. तोपर्यंत भेटूच.